तिसरा थर

९ जानेवारी

प्रिय टाचणी,

परवा फोनवर तू विचारलंस, दादा कसा आहे, आणि मी म्हटलं, मजेत. ते खोटं होतं. पण करणार काय? हे हाताच्या अंतरावर बसून अस्तराला टाके घालत होते आणि कान सगळे माझ्याकडे. तेव्हा लग्नानंतर आपण दोघी जशी पत्रं लिहायचो तशी पुन्हा लिहू या. फोन ख्यालीखुशालीला, पत्र खऱ्याला.

तर ऐक. आमच्या दुकानात मांजर आलंय. पांढरं, एका कानावर काळा ठिपका. येतं ते थेट कापायच्या टेबलावर, आणि बसतं नेमकं अंथरलेल्या कापडावर. शनिवारी बँकेतले साहेब आले होते. त्यांच्या सुटाचं कापड पसरलेलं, खडूच्या रेघा मारून झालेल्या, आणि हे कात्री हातात घेऊन नुसते उभे. साहेब म्हणाले, "मास्तर, कसली वाट बघताय?" हे म्हणाले, "उठू दे त्याला. आत्ताच डोळा लागलाय." साहेबांनी टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. टेबलावर कापडाशिवाय काही नव्हतं.

मी हसण्यावारी नेलं. पण साहेब गेल्यावरही हे उभेच. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. कापड खस्सकन ओढलं आणि म्हटलं, "कुठाय मांजर? दाखवा मला!" असे दचकले गं. म्हणाले, "पडलं ना ते." मग संध्याकाळपर्यंत टेबलाखाली वाकून वाकून बघत होते.

आणखी सांगते. ज्या माणसानं आयुष्यभर नुसत्या नजरेनं कोट बेतले, त्यानं गेल्या आठवड्यात डावी बाही उजवीकडे जोडली. मी गुपचूप उसवली आणि नीट लावली. तुला ठाऊकच आहे, गिऱ्हाइकाचं पोट सुटलेलं असलं तर हे कधी पोट म्हणत नाहीत. म्हणतात, "ह्या कापडाला जरा घेर जास्त लागतो." अंगातली खोट तोंडानं सांगायची नाही, कापडात जिरवायची, हा ह्यांचा नियम. आता ह्यांची खोट मी कापडात जिरवतेय. पण किती दिवस जिरणार?

तू तिकडे प्रयोगशाळेत रोज मेंदू कापतेस. हा काय प्रकार आहे ते मला सांग. घाबरवायचं असेल तर घाबरव, पण सांग.

तुझी,
वहिनी

ता. क. नजरेचं काही असेल का? चष्मा बदलून बघू?


१७ जानेवारी

प्रिय वहिनी,

चष्मा बदलू नकोस. पैसे वाया जातील आणि मांजर आणखी स्पष्ट दिसायला लागेल.

ही थट्टा मी मुद्दाम केली, कारण तुझं पत्र वाचून मी घाबरले होते. दादा कापड कापतो, मी मेंदू कापते, आपल्या घराण्याला कात्रीच लागलेली, असं मी सगळ्यांना मोठ्या ऐटीत सांगत आले. आज नाही सांगवत.

काही प्रश्न विचारते, नीट आठवून बघ. त्याला वास पूर्वीसारखे येतात का? इस्त्रीखाली कापड करपलं तर आधी कोणाला कळतं, त्याला की तुला? चालताना पाय घासतो का? एक दिवस अगदी पूर्वीसारखा आणि दुसऱ्या दिवशी धुकं, असं होतं का? आणि झोपेत हातपाय मारतो का? ह्याचं उत्तर मला माहीत आहे. मागे एका फोटोत तुझ्या कपाळावर टेंगूळ होतं. विचारलं तर म्हणालीस, ह्यांनी झोपेत चोर पकडला. आपण पोट धरून हसलो होतो.

मी डॉक्टर नाही. दुसऱ्यांनी पाठवलेल्या मेंदूचे पातळ काप करून, रंगवून, काचेवर चढवणारी बाई आहे. म्हणून माझ्या शब्दावर राहू नकोस. त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे ने आणि मांजरापासून टेंगळापर्यंत सगळं सांग. त्याच्यासमोर सांगायला जड जाईल, तरी सांग. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. भास थांबवायची गोळी कोणी सहज लिहून दिली तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नकोस. मला वाटतंय तेच निघालं, तर त्यातल्या काही गोळ्यांनी माणूस लाकडासारखा ताठ होतो.

आणि वहिनी, मांजराशी भांडू नकोस. त्याला ते खरंच दिसतं. तू नाही म्हटलंस म्हणून ते जाणार नाही, तो फक्त तुझ्यापासून लपवायला लागेल. बशीत दूध ठेव असं मी म्हणत नाही. पण "जरा सरकवू या का त्याला?" एवढं म्हणायला काय जातं?

तुझी,
टाचणी


२१ फेब्रुवारी

प्रिय टाचणी,

मांजर सरकवलं. मी दोन्ही हातांनी उचलल्यासारखं केलं आणि खुर्चीवर ठेवलं. हे म्हणाले, "सावकाश, नखं मारतं ते." आणि कात्री चालवली. कापड वाकडं कापलं गेलं ते सोड, पण हसले माझ्याकडे बघून. त्या दिवशी मला तेवढं पुरलं.

डॉक्टर मोठ्या धीराचे निघाले. कागदावर घड्याळ काढायला लावलं, चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली. घड्याळाचे सगळे आकडे ह्यांनी एकाच बाजूला गोळा केले. माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं म्हणून बरं. मग आजाराचं नाव सांगितलं, ल्यूई बॉडीचा म्हणे. हा ल्यूई कोण, आणि ह्यानं आपली बॉडी आमच्याच ह्यांच्या डोक्यात का आणून ठेवली, देव जाणे. मेंदूत नको ते प्रोटीन साचत जातंय, असं म्हणाले. बरं करायचं औषध अजून नाही. धुकं थोडं विरळ व्हावं म्हणून गोळ्या दिल्या, त्या तू सांगितलेल्यातल्या नाहीत, मी खात्री करून घेतली.

मी घरी आले आणि पहिल्यांदा अंडी बंद केली. मग दूध. मग डाळ. साचतंय ना प्रोटीन, मग वरून आणखी कशाला घालायचं? चार दिवस हे समोर येईल ते जेवले. मग म्हणाले, "सरकार, माझा गुन्हा तरी कळू दे." तुला माहीत आहे, लग्नापासून मी त्यांची सरकार. म्हटलं, गुन्हा नाही, उपचार आहे. तर बिचारे मान डोलावून नुसती उकडलेली भाजी खातायत. काल बघितलं, पँट सैल व्हायला लागली म्हणून स्वतःच बटण सरकवून घेतलं होतं, मला न सांगता. टाका मात्र तोच, बारीक.

सांग, बरोबर चाललंय ना माझं? आणि त्या डॉक्टरांनी जे घाईत सांगितलं ते मला कळेल असं सांग.

तुझी,
वहिनी


२७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

अंडं दे. पत्र खाली ठेव, अंडं उकड, मग पुढचं वाच.

दिलंस? आता ऐक. त्याच्या ताटातलं प्रोटीन आणि डोक्यात साचणारं प्रोटीन ह्यांचा तसा काही संबंध नाही. खाल्लेलं सगळं पोटात मोडून जातं. हे जे साचतंय ते मेंदू स्वतःच बनवतो. तुझ्या मेंदूत आहे, माझ्याही आहे, आणि ते तिथे गुमान आपलं काम करत असतं.

प्रोटीन म्हणजे एक लांब दोरा समज. शरीर तो दोरा तयार करतं आणि त्याची ठरलेली घडी घालतं. घडी नीट, तर दोरा कामाचा. कधीतरी एखादी घडी चुकते. घाबरायचं कारण नसतं, मेंदूत झाडलोट करणारे असतात, ते चुकलेली घडी उचलून मोडीत काढतात. पण ह्या चुकलेल्या घडीला एक वाईट खोड असते. शेजारच्या चांगल्या घडीलाही ती आपल्यासारखी करते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वय वाढलं की झाडलोट मागे पडते, चुकलेल्या घड्या एकमेकींना चिकटतात आणि पेशीच्या पोटात त्यांचा गोळा होतो. मी रंग दिला की तो काचेवर तपकिरी दिसतो, भिंगाखाली छोट्या बटणासारखा गोल. तो ज्यानं पहिल्यांदा पाहिला तो तुझा ल्यूई. कोणतं प्रोटीन आणि मेंदूत कुठे साचलं, त्यावर आजाराचं नाव ठरतं. कुठे हात थरथरतो, कुठे आठवण जाते, कुठे टेबलावर मांजर येऊन बसतं.

आता एक आतली गोष्ट. तो गोळा हाच चोर, की चोर आपलं काम करून गेल्यावर मागे राहिलेला पसारा, ह्यावर आमच्याकडचे मोठे डॉक्टर अजून भांडतायत. म्हणून तू स्वतःशी भांडू नकोस. तू काय खायला घातलंस, किती काम करू दिलंस, ह्यातलं काही कारण नाही.

ह्या आजाराची अगदी पक्की खात्री कधी होते हे तू विचारलं नाहीस, तरी सांगून टाकते म्हणजे माझ्या छातीवरचं उतरेल. ती माझ्या काचेवर होते, माणूस गेल्यावर. वहिनी, ती काच मला कधीही बघायची नाही. मला खात्री नको. मला दादा हवा.

तुझी,
टाचणी


६ एप्रिल

प्रिय टाचणी,

उशीर झाला, राग धरू नकोस. अंडं सुरू केलं, रुसवा गेला. गोळ्यांनी मांजर कमी येतं. आलं तरी खुर्चीवर बसतं, शिस्त लागली त्याला.

कापायचं काम आता मी करते. हे कडेला बसून कच्चे टाके घालतात. फार छान वागतात. माझ्यासाठी सुईत दोरा ओवायला जातात, ओवता येत नाही, मग "माफ करा" म्हणतात. चहा दिला की थँक्यू म्हणतात.

मी हल्ली खाली दुकानात झोपते. वर उकडतं.

बाकी सगळं ठीक. तू प्रकृतीला जप, जेवणाच्या वेळा पाळ.

वहिनी


१२ मे

प्रिय वहिनी,

पोचले. तू दिलेला डबा गाडीतच संपवला, रडता रडता. समोरच्या बाईंना वाटलं तिखट लागलं, त्यांनी पाणी दिलं.

तुमच्या त्या डोंगरातल्या गावी एप्रिलातही दोन दोन स्वेटर घालावे लागतात आणि वहिनीला उकडतंय, हे वाचलं आणि मी रजा टाकली. माझी समजूत अशी की तो झोपेत तुला मारत असणार. वाटभर त्यावर व्याख्यान तयार केलं. दारात दादानं मला बघितलं आणि "टाचणी! केवढी वाळलीस!" म्हणून कवेत घेतलं. मनात म्हटलं, एवढा छान तर आहे. मग तू चहा घेऊन आलीस. तो उठून उभा राहिला, तुझ्या हातून अदबीनं कप घेतला आणि म्हणाला, "कशाला बाई त्रास घेतलात?"

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. ट्रे ठेवून खाली गेलीस.

मग माझ्या कानाशी आला. म्हणाला, "बाई फार चांगली आहे. दिसते सरकारसारखीच, कपडेही तिचेच घालते. पण ती नव्हे. परक्या बाईनं माझ्या खोलीत झोपणं बरं दिसत नाही, म्हणून खाली बिछाना घालून दिलाय. पांघरूण जाड दिलंय हो." आणि मग म्हणाला, "सरकार कुठे गेली असेल गं? माझं काही चुकलं का?"

तू हे मला पत्रातही लिहिलं नाहीस. पत्र खऱ्याला म्हणालीस ना? मी रागावणार होते. पण भांडी घासताना तू म्हणालीस, "बरे होणार नाहीत हे मला कळलंय. तेवढं मागतही नाही. फक्त त्यांनी मला ओळखायला हवं." तेव्हा राग विसरून मी तुझ्या हातातलं भांडं विसळायला घेतलं. माझ्याजवळ इतके रंग आहेत, इतक्या काचा आहेत, आणि तुला द्यायला काही नव्हतं.

आता थोडं आहे. आमच्या डॉक्टरांना विचारून आले. आपण जवळच्या माणसाला बघतो तेव्हा मेंदूत दोन गोष्टी होतात. डोळे चेहरा ओळखतात आणि आतून एक ऊब येते. दादाचे डोळे तुला ओळखतात, पण ती ऊब पोचायची वाट बुजलीय. मग बिचारा मेंदू हिशेब लावतो, दिसते तशीच पण वाटत नाही, म्हणजे ही कोणी दुसरीच. असं बहुतेक सगळ्यात जवळच्या माणसाच्या बाबतीत होतं. मला त्यानं ओळखलं ह्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मी वर्षातून एकदा उगवणारी, माझ्यासाठी त्याला कुठे एवढी ऊब लागते?

पण डोळ्यांची वाट बुजली तरी कानांची कधीकधी मोकळी असते. तू समोर नसताना त्याला फोन कर. खाली दुकानातून, वर घरी. बघ तर खरं.

तुझी,
टाचणी


५ जून

प्रिय टाचणी,

तुझ्या तोंडात साखर पडो.

फोन केला. "हॅलो" म्हटलं मात्र, वरून ओरडले, "सरकार! अगं आहेस कुठे तू?" मला जिन्यातूनही ऐकू आलं आणि फोनमधूनही. मी कापडाच्या ताग्यावरच बसले. म्हटलं, "कामात अडकलेय." म्हणाले, "बास झालं आता, ये. इथे एक बाई असतात. मनानं सोनं, पण त्यांच्या हाताला मीठ जास्त." घे! माझ्या हाताला मीठ जास्त हे मला आज कळतंय. इतकी वर्षं गुमान गिळलं ह्या माणसानं.

आता रोज दुपारी बोलतो आम्ही. लग्नाआधीसुद्धा एवढं बोललो नव्हतो. मी खाली काजं करत बसते, फोन खांद्यात धरून, आणि हे वरून मला माझ्याच तक्रारी सांगतात. कधी म्हणतात, "तू नाहीस तर घराला घरपण नाही." मग फोन ठेवून मी वर जाते, दार उघडते, आणि हे उठून उभे राहतात. "या बाई." फोनवर बायको, दारात बाई. कोणाला सांगितलं तर हसतील. मीही हसते, आणि मग जिन्यात जरा वेळ बसते.

एक नवीन काम काढलंय ह्यांनी. सरकार येईल तेव्हा थंडी पडलेली असेल, म्हणून तिचा करडा कोट उलटवायला घेतलाय. म्हणजे सगळा उसवायचा, कापडाची आतली न विटलेली बाजू बाहेर घ्यायची आणि पुन्हा शिवायचा. कापायचं काही नाही, त्यामुळे जमतंय. उसवताना हात बघावेत त्यांचे. धागा तुटत नाही.

पण टाचणी, त्यात एक गोष्ट दिसली. खांद्यांच्या आत गादी असते ना, ती दोन्हीकडून काढली. उजवीकडे दोन थर, डावीकडे तीन. मला वाटलं, आत्ताच कधीतरी हात लावून चुकवलं असेल. पण टाके जुने होते. हा कोट बारा वर्षांपूर्वीचा आहे. मग मी कपाटातला दुसरा, त्याहून जुना कोट काढला आणि खांदा चाचपून बघितला. त्यातही डावीकडे तीन. म्हणजे तेव्हापासूनच चुकत होतं का गं? मी शेजारी बसून काजं करत होते आणि मला दिसलं नाही?

करड्या कोटातला तिसरा थर मी हळूच काढून टाकला. आता दोन्ही खांदे सारखे आहेत. त्यांना काही बोलले नाही. अंगातली खोट कापडात जिरवायची, त्यांचाच नियम.

तुझी,
वहिनी


१४ जून

प्रिय वहिनी,

तुला खोटं सांगणार नाही. असू शकतं. प्रोटीन साचायला लागतं ते कितीतरी वर्षं आधी, बाहेर काही दिसायच्या खूप आधी. झोपेतल्या चोराला जितकी वर्षं झाली तितकीच ह्या थराला झाली असतील. मी काल दिवसभर काचांवर तपकिरी ठिपके बघत होते आणि मनात म्हणत होते, हा त्या करड्या कोटाच्या वेळचा, हा त्या जुन्या कोटाच्या वेळचा.

पण तुला दिसलं नाही म्हणून स्वतःला कोसू नकोस. मी ह्या कामात केस पांढरे केले, आणि वर्षातून एकदा येऊन त्याच्याशेजारी जेवले. मला तरी कुठे दिसलं?

थर काढलास ते बरं केलंस. त्याला कळू देऊ नकोस.

तुझी,
टाचणी


१ जुलै

प्रिय टाचणी,

तू आणि मी, दोघीही गाढव आहोत. बसून वाच.

काल दुपारी हे कोट हातावर टाकून खाली आले. म्हणाले, "बाई, एक विनंती होती. तुमची अंगकाठी अगदी माझ्या बायकोसारखी आहे. जरा उभ्या राहता का? ती यायच्या आत फिटिंग उरकून टाकतो." मी हातातलं काज अर्धं टाकून आरशासमोर उभी राहिले. मास्तरांनी मागून कोट चढवला, गिऱ्हाइकाला चढवतात तसा, दोन्ही खांदे चिमटीत धरून.  

मग मागे सरकून, मान तिरकी करून आरशात बघितलं. म्हणाले, "डावीकडे पडतोय."

अस्तरातून बोटं आत घातली. चेहराच बदलला. "इथला थर कोणी काढला?"

म्हटलं, "मी काढला. चुकून जास्त लागला होता ना."

"चुकून?" असे रागावले गं, कित्येक दिवसांत रागावले नव्हते. "माझ्या हातून खांदा चुकेल?" मग दाराकडे बघितलं, कोणी येत नाही ना म्हणून, आणि आवाज खाली आणला. "बाई, तुम्हाला म्हणून सांगतो. माझ्या बायकोचा डावा खांदा जरासा उतरता आहे. पहिलं माप घेतलं तेव्हाच बोटांना कळलं. म्हणून तिच्या प्रत्येक कोटात डावीकडे एक थर जास्त घालतो, मग सरळ दिसतो. तिला माहीत नाही. तुम्ही बोलू नका हं तिला. उगीच मनाला लावून घेईल."

टाचणी, मी आरशात बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा खांदा दिसला. खरंच उतरता आहे. लग्नापासून मी दुसऱ्या कोणाच्या हातचा कपडा अंगाला लावला नाही, आणि आरशात जी सरळ बाई बघत आले ती ह्यांनी शिवलेली होती.

मला रडू फुटणार होतं, पण हे अजून आरशात बघत होते. पडलेल्या डाव्या बाजूकडे. "पण हा तुम्हाला का पडावा?" असं स्वतःशीच म्हणाले. तळवा माझ्या उजव्या खांद्यावर ठेवला. मग डाव्या. अंगठा हाडावरून हळूहळू खाली नेला, पुन्हा वर आणला.  पुन्हा एकदा खाली नेला, आणि मग अंगठा तिथेच राहिला.

"सरकार?"

"अं?"

"अगं, आलीस कधी तू?"

"ही काय, आत्ताच."

तोंड माझ्या खांद्यावर टेकवलं, त्याच डाव्या. कच्च्या टाक्यांतल्या टाचण्या दोघांनाही टोचल्या, तरी कोणी बाजूला झालं नाही. मग एकदम डोकं वर करून, चोरी पकडल्यासारखे म्हणाले, "मी आत्ता त्या बाईंशी काही बोलत होतो. ते ऐकलंस का तू?"

म्हटलं, "नाही बाई. काय ते?"

"काही नाही, काही नाही," म्हणाले. केवढा जीव भांड्यात पडला त्यांचा!

तर तुझ्या डॉक्टरांना सांग, बारा वर्षांपूर्वी काही चुकलं नव्हतं. आणि तुझ्या त्या तपकिरी ठिपक्यांतून हा थर तेवढा वगळ.

काल मी वर झोपले. तुला खरं सांगायचं ठरलंय म्हणून पुढचंही लिहिते. आज सकाळी उठले तर हे पलंगाच्या कडेला अवघडून बसलेले. "बाई, तुम्ही इथे कशा?" मला वाटलं होतं तसंच. मी खुंटीवरचा कोट चढवला, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले आणि म्हटलं, "मास्तर, जरा बघता का, डावीकडे पडतोय वाटतं."  मग हात आला.

रोज येईल असं नाही, मला कळतं. एक दिवस हातालाही ओळखू येणार नाही, तेही कळतं. तेव्हाचं तेव्हा. तू मात्र लवकर ये, कोट बघायला.

तिसरा थर मी बटणांच्या डबीत ठेवलाय. हे म्हणत होते, आण, लावून देतो. मी म्हटलं, उद्या.

तुझी,
सरकार